प्रोसेसर कुणाची वाट पाहतो?

ऑगस्टमध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या रानात खुरप्याबरोबर मोबाइलही दिसू लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच करायची असते. गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. परंड्यापासून उमरग्यापर्यंत रीत हीच. पूर्वी तलाठ्याच्या वहीत होणारे काम आता शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनवर येऊन पडले आहे, आणि तो फोन बहुतेक वेळा दुकानातला सर्वांत महागडा नसतो.

कमी किमतीच्या फोनवर फॉर्म भरण्याचे कुठलेही ॲप वापरणाऱ्याला एक अनुभव ओळखीचा असतो. कॅमेरा उघडतो, फोटो निघतो, पण मागे यावे तर भरलेला फॉर्म कोरा. फोन हँग झाला, असे आपण म्हणतो. बोल लागतो रेंजला, नाहीतर सर्व्हरला. कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा सगळा प्रकार फोनच्या आतच घडलेला असतो.

१२ मेगापिक्सेलचा फोटो साठवताना आवळून ठेवला जातो, म्हणून तो तीन-चार एमबीत मावतो. पडद्यावर दाखवायचा तर तो उलगडावा लागतो. एक कोटी वीस लाख ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. म्हणजे एकाच फोटोला ४८ एमबी. २ जीबी रॅमच्या फोनमध्ये बरीचशी जागा अँड्रॉइडने आधीच व्यापलेली असते. त्यात कॅमेरा उघडला आणि जागा अपुरी पडली, की अँड्रॉइड मागच्या बाजूचे ॲप बंद करते. यात काही बिघाड नाही, यंत्रणा तशीच आखलेली आहे. ॲप बनवणाऱ्याने अर्धा भरलेला फॉर्म जपून ठेवण्याची सोय केली नसेल, तर भरलेली माहिती त्याच क्षणी जाते.

फोन विकताना प्रोसेसरचे नाव मोठ्या अक्षरांत छापतात. पण संगणकाचा इतिहास पाहिला तर गेली साठ-सत्तर वर्षे त्याचा वेग मुख्यतः एका प्रश्नावर अडलेला दिसतो: प्रोसेसरला हवी असलेली माहिती त्याच्यापासून किती लांब आहे?

कचेरीतले अंतर

हे अंतर समजायला तहसील कचेरीतला कारकून डोळ्यांसमोर आणावा. टेबलावर उघड्या असलेल्या नोंदवहीत पाहायला त्याला १ सेकंद लागतो असे धरू. प्रोसेसरच्या पोटातच असलेली सर्वांत जवळची मेमरी, म्हणजे पहिल्या पातळीची कॅश, साधारण १ नॅनोसेकंदात उत्तर देते. तो हा १ सेकंद. रॅमकडून उत्तर यायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. याच मापाने ते झाले १०० सेकंद. कारकून उठून कपाटापर्यंत जाऊन आला. एसएसडीला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मागितलेला कागद २८ तासांनी हाती आला. आणि फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंद लागले तर तोच कागद यायला ११५ दिवस. जवळजवळ चार महिने!

कारकून कितीही चपळ असो, कागद चार महिन्यांनी येणार असेल तर त्याची चपळाई कुणाच्या उपयोगाची नाही. संगणकात मेमरीचे थर एकाखाली एक रचलेले असतात ते यासाठीच. सगळ्यांत जलद मेमरी महाग, म्हणून थोडी. तिच्याहून संथ ती स्वस्त, म्हणून जास्त. हवी ती माहिती वेळेआधी वरच्या थरात आणून ठेवणे, ही संगणकाच्या रचनेतली सर्वांत मोठी कसरत आहे.

कुलाब्यातले दहा किलोबाइट

महाराष्ट्रात ही कसरत मुंबईत सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली पूर्ण झाला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक ठेवले. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या या यंत्राची मुख्य मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कड्या तारांमध्ये ओवायच्या आणि प्रत्येक कडीच्या चुंबकीय दिशेत एक बिट साठवायचा. तिची क्षमता ४० बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या मापात १० केबी.

आजच्या युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीने, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'धाराशिव' या नावात काना आणि वेलांटी धरून ७ चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. टिफ्रॅकच्या सगळ्या मेमरीत हे नाव ४८७ वेळा लिहिता आले असते, आणि मग आज्ञावलीसाठी जागाच उरली नसती. तरीही संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या यंत्रावर वर्षानुवर्षे अवघड गणिते सोडवली. गणित मांडण्याआधी ते मेमरीत मावेल कसे, हा विचार तेव्हा प्रत्येकाला करावा लागे.

पुढे ही कड्यांची मेमरी मागे पडली. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका ट्रान्झिस्टरच्या डीरॅमचे पेटंट मिळाले आणि १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली. तिच्यात १,०२४ बिट मावत. या चिपांच्या घसरत्या किमतीमुळेच संगणक घरात येऊ शकला.

पुण्याचा स्पेक्ट्रम

१९८१ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स८१ आला. त्यात मेमरी होती १ केबी. पडद्यावरचे चित्र उमटवण्याचे कामही त्याच्या प्रोसेसरलाच करावे लागे. म्हणून त्याला 'स्लो' आणि 'फास्ट' अशा दोन रीती दिलेल्या होत्या. फास्टमध्ये हिशेब चालू असताना पडदा कोरा होई आणि तोच हिशेब सुमारे चौपट वेगाने पुरा होई.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, झेडएक्स स्पेक्ट्रम आला आणि काही वर्षांनी तो महाराष्ट्रातही पोचला. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने तो भारतीय बाजारात आणला. ४८ केबी रॅम, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीसाठी कॅसेट टेपरेकॉर्डर. सगळी मेमरी भरेल असा एखादा खेळ कॅसेटवरून चढायला पाचेक मिनिटे लागत. तेवढा वेळ टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे नाचत आणि मुले ते पाहत बसत.

या छोट्या यंत्रात मेमरी आणि वेग यांचे नाते अगदी उघड दिसते. पडद्यावरचे चित्र रॅममधल्या ६,९१२ बाइटांत साठवलेले असे. ते वाचून टीव्हीकडे पाठवणारी एक स्वतंत्र चिप सेकंदाला ५० वेळा रॅमच्या खालच्या १६ केबीत शिरे. नेमके त्याच वेळी प्रोसेसरलाही त्याच भागातले काही हवे असेल, तर ती चिप प्रोसेसरला थांबवून धरी. वरच्या ३२ केबीत ही अडवणूक नव्हती. म्हणजे तीच आज्ञावली खालच्या भागात ठेवली तर संथ आणि वरच्या भागात ठेवली तर जलद! जाणकार प्रोग्रामर ज्या भागाला वेग हवा तो ३२,७६८ या पत्त्याच्या पुढे ठेवत. प्रोसेसर तोच, त्याचे मेगाहर्ट्झही तेच. फरक पडे तो केवळ जागेचा.

मेमरी तेव्हा किती महाग होती याची खूण याच यंत्रात सापडते. त्याच्या वरच्या ३२ केबीसाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या अशा चिपा वापरल्या, ज्यांचा अर्धा भाग सदोष होता. चांगल्या निघालेल्या अर्ध्या भागावर काम भागवले, कारण संपूर्ण चांगली चिप परवडत नव्हती.

याच सुमारास केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प हाती घेतला. १९८४ च्या शैक्षणिक वर्षात देशभरातल्या २५० शाळांपासून त्याची सुरुवात झाली आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो हे यंत्र निवडले गेले. त्याची रॅम ३२ केबी. रंगीत चित्रांचा पडदा निवडला तर त्यातले २० केबी पडद्यालाच जात आणि केवळ अक्षरे दाखवणारा पडदा निवडला तर १ केबीत भागे. चित्र हवे की मोठी आज्ञावली, हे विद्यार्थ्याला आधीच ठरवावे लागे.

६४० केबी आणि मराठी अक्षर

धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, तेरणा ट्रस्टचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत आयबीएमचा पीसी-एक्सटी बाजारात आला. त्यात १२८ केबी रॅम आणि १० एमबीची हार्ड डिस्क होती. पुढची दहा-बारा वर्षे भारतातल्या बँका, कारखाने आणि कचेऱ्यांत जे संगणक आले, त्यांतले बहुतेक याच घराण्यातले.

या घराण्याला एक जन्मखूण होती. मूळ पीसीच्या ८०८८ प्रोसेसरला २० पत्तारेषा होत्या, म्हणजे १ एमबीपलीकडचा पत्ता त्याला माहीतच नव्हता. त्यातले वरचे ३८४ केबी पडद्याला आणि यंत्राच्या मूळ आज्ञांना राखून ठेवलेले. उरले ६४० केबी. यंत्रात पुढे ४ एमबी रॅम बसवली, तरी डॉसवरच्या साध्या प्रोग्रामला या ६४० केबीतच संसार करावा लागे. लोटस १-२-३ मध्ये मोठे हिशेब करणाऱ्यांची अडचण इतकी वाढली, की १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक तोडगा काढला: जादा मेमरीतला तुकडा ६४ केबीच्या एका खिडकीतून आत घ्यायचा, काम झाले की दुसरा घ्यायचा. काम होई, पण प्रत्येक अदलाबदलीला वेळ जाई.

मराठीला या मर्यादेची झळ जास्त बसली. इंग्रजी अक्षरांचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, एकूण २,००० जागा. अक्षराला १ बाइट आणि रंगाला १, म्हणून सगळा पडदा ४,००० बाइटांत मावे. अक्षरांचे आकार यंत्रातच कोरलेले असत. देवनागरीत काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे अशी एकात एक गुंततात, की ठरलेल्या चौकटीत ठरलेले अक्षर बसवून चालत नाही. अक्षर ठिपक्याठिपक्याने रेखाटावे लागते. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा साधा काळा-पांढरा पडदासुद्धा ३८,४०० बाइट खातो. इंग्रजी पडद्याच्या जवळजवळ दहापट!

या अडचणीवरचा व्यवहारी उपाय पुण्यातून देशभर पोचला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि जिस्ट कार्ड तयार झाले. हे कार्ड पीसीत बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. साठवणीसाठी इस्की ही संकेतप्रणाली होती. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिच्यात प्रत्येक चिन्हाला १ बाइट, म्हणजे 'धाराशिव'ला ७. आज तेच नाव २१ बाइट घेते आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही, कारण मेमरी हजारो पटींनी वाढली आहे. तेव्हा मात्र एकेक बाइट मोजून वापरावा लागत होता.

हार्ड डिस्कची खरखर

विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम पुरेल असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. तेवढ्यात ती सुरू होई, पण काम नीट करायचे तर ८ एमबी हवी, हेही कंपनीच सांगे. ४ एमबीच्या यंत्रावर दोन प्रोग्राम उघडले की डब्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागे आणि आतून खरखर ऐकू येई.

रॅम संपली की संगणक तिच्यातला न लागणारा भाग हार्ड डिस्कवर ठेवतो आणि लागला की परत आणतो. या आभासी मेमरीची कल्पना मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ सालीच वापरात आली होती. ती फार उपयोगी आहे, पण एका टप्प्यापर्यंतच. एका प्रोग्रामसाठी जागा करायला दुसऱ्याचा भाग बाहेर टाकायचा, आणि पुढच्याच क्षणी त्या दुसऱ्याची पाळी यायची. मग यंत्राचा सगळा वेळ सामान हलवण्यात जातो आणि काम जागच्या जागी राहते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेचे नेमके विश्लेषण केले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की प्रत्येक प्रोग्रामला ठरावीक काळात लागणाऱ्या माहितीचा एक संच असतो. तो संच रॅममध्ये मावला तर सगळे सुरळीत. थोडासा जरी कमी पडला, तर वेग थोडासा कमी होत नाही, तो कोसळतो.

२००० नंतरच्या दशकात एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली, तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता. तिची किमान गरज ६४ एमबी आणि शिफारस १२८ एमबी. त्यावर अँटिव्हायरस आणि ऑफिस चढवले की १२८ एमबी संपायला वेळ लागत नसे. अशा यंत्रात आणखी एक १२८ एमबीची स्टिक बसवली की तोच संगणक नवा वाटू लागे. प्रोसेसर बदललेला नसे. कामाचा संच रॅममध्ये मावू लागलेला असे.

हाच नियम मोठ्या सर्व्हरलाही लागू आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. राज्यात सातबारे आहेत अडीच कोटींच्या आसपास. समजा एका उताऱ्याची माहिती १० केबी धरली, तर सगळ्यांची मिळून २५० जीबी होते. पण कोणता गट कुठे साठवला आहे हे सांगणारी सूची, नोंदीला ४० बाइट धरले तरी, १ जीबीतच मावते. अशी सूची रॅममध्ये ठेवली तर उतारा शोधायला डिस्कपर्यंत एखादीच खेप पडते. तीच डिस्कवर राहिली, तर एका उताऱ्यासाठी अनेक खेपा होतात, आणि खरिपाच्या कर्जासाठी हजारो लोक एकाच सकाळी उतारा मागू लागले की रांग वाढतच जाते.

दोन सेलेरॉनची गोष्ट

प्रोसेसर आणि रॅम यांच्यातली दरी १९८० नंतर दरवर्षी रुंदावत गेली. प्रोसेसर झपाट्याने जलद झाले. रॅमची क्षमता वाढली, पण तिचा प्रतिसाद त्या मानाने फारसा सुधारला नाही. आज ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला रॅमकडून उत्तर येईपर्यंत दोनशे-तीनशे ठोके नुसते जाऊ शकतात. वुल्फ आणि मॅकी या संशोधकांनी १९९५ मध्ये या संकटाला 'मेमरीची भिंत' म्हटले.

या भिंतीवरचा उपाय म्हणजे कॅश. मॉरिस विल्क्स यांनी ती कल्पना १९६५ मध्ये मांडली होती आणि पीसीच्या जगात इंटेलच्या ४८६ ने १९८९ मध्ये ८ केबी कॅश प्रोसेसरच्या पोटातच आणली. तिचे मोल बाजाराला पुरते कळले ते १९९८ साली. एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला आणि किंमत कमी करण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश पूर्ण काढून टाकली. तो इतका संथ निघाला की त्याच्यावर टीकेची झोड उठली. चारच महिन्यांत कंपनीने १२८ केबी कॅश घातलेला सेलेरॉन ३००ए आणला. मेगाहर्ट्झमध्ये नाव घेण्यासारखी वाढ नव्हती, तरी हा प्रोसेसर तडफदार म्हणून गाजला. २०२२ मध्ये एएमडीने याच धड्याची नवी आवृत्ती काढली. रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरचा ठोका त्याच्या साध्या भावंडापेक्षा कमी, पण कॅश ९६ एमबी. खेळांमध्ये तो त्या भावंडाला मागे टाकतो.

पुण्यातून पाऊस पाहताना

मेमरीचा प्रश्न धाराशिवकराच्या जगण्याशी सर्वांत थेट जोडला जातो तो पावसाच्या अंदाजात. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच प्रचंड प्रोसेसर बनवण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडायचे आणि प्रत्येकाला स्वतःची मेमरी द्यायची, ही त्याची रचना. मेमरी वाटलेली असल्याने शेजाऱ्याकडची माहिती हवी असेल तर निरोप पाठवून मागवावी लागे. गणित कसे सोडवायचे याइतकेच ते कुणाच्या मेमरीत किती ठेवायचे, हेही प्रोग्रामरला आखावे लागे.

आजचे हवामानाचे महासंगणक याच वाटेवरचे आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष आला आणि २०२४ मध्ये अर्का. मे २०२५ मध्ये तिथेच विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या जाळीतला एक चौकोन ६ किलोमीटरचा आहे. त्याआधीच्या जागतिक प्रारूपात तो १२ किलोमीटरचा होता. धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. जुन्या जाळीत जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ५२ चौकोन येत, नव्या जाळीत सुमारे २१०. तुळजापूरकडे पडणारा आणि भूमकडे हुलकावणी देणारा पाऊस वेगळा ओळखायचा असेल, तर चौकोन लहानच हवेत.

पण प्रत्येक चौकोनावर हवेचे अनेक थर असतात, आणि प्रत्येक थरासाठी तापमान, दाब, आर्द्रता, वारा हे सगळे मेमरीत ठेवावे लागते. पुढच्या काही मिनिटांचा हिशेब करताना प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनांची ताजी स्थिती लागते. बेरीज-गुणाकार सोपे, आकड्यांची ने-आण अफाट. म्हणून हवामानाच्या प्रारूपांचा वेग बहुधा गणिती ताकदीपेक्षा मेमरीतून सेकंदाला किती माहिती वाहते यावर ठरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तसेच आहे. ७,००० कोटी आकड्यांचे भाषिक प्रारूप प्रत्येकी २ बाइटांत साठवले तर १४० जीबी जागा घेते, आणि उत्तरातल्या प्रत्येक नव्या तुकड्यासाठी त्यातले बहुतेक आकडे वाचावे लागतात. या कामासाठी लागणाऱ्या अतिजलद मेमरीकडे कारखाने वळले आणि २०२५ च्या उत्तरार्धात साध्या रॅमचे भाव जगभर चढले. गावातल्या दुकानात रॅमची स्टिक महाग मिळण्याचे हे एक कारण.

घेताना आणि टाकताना

मोबाइलच्या दुकानात फोन '४/६४' किंवा '६/१२८' अशा आकड्यांनी विकले जातात. पहिला आकडा रॅमचा, दुसरा साठवणीचा. दुसरा मोठा असतो म्हणून नजर तिकडे जाते, पण फोन अडखळणार की नाही हे बहुधा पहिला ठरवतो. २०१७ च्या जिओफोनमध्ये ५१२ एमबी रॅम होती, आणि १ जीबी वा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी गूगलने त्याच वर्षी अँड्रॉइडची हलकी 'गो' आवृत्ती जाहीर केली. विद्यार्थ्यांसाठी २०११ मध्ये आलेल्या पहिल्या आकाश टॅबलेटमध्ये २५६ एमबी रॅम आणि ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. तो वापरायला फार संथ ठरला. नंतर मुंबईच्या आयआयटीने या प्रकल्पात लक्ष घातले आणि २०१२ च्या आकाश २ मध्ये रॅम ५१२ एमबी झाली, प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा. पडद्यावर बोट ठेवले की फरक लगेच जाणवे.

फोनची रॅम वाढवता येत नाही. सेटिंगमधली 'व्हर्च्युअल रॅम' म्हणजे साठवणीतलाच एक कोपरा. मागचे ॲप जिवंत ठेवायला तो थोडी मदत करतो, पण खऱ्या रॅमची सर त्याला नाही. तेव्हा बजेट आवळलेले असेल तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल थोडे कमी चालतील, रॅम कमी नको.

टेबलावरच्या संगणकाचे तसे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मदत संपली. विंडोज ११ ला ४ जीबी रॅमबरोबर नव्या सुरक्षा चिपेचीही अट आहे, त्यामुळे अनेक शाळा आणि कार्यालयांत जुनी यंत्रे भंगारात काढण्याचा विचार सुरू होतो. तो करण्याआधी झाकण उघडून पाहावे. आत ४ जीबीची एकच स्टिक आणि फिरती हार्ड डिस्क असेल, तर संथपणाचे कारण तिथेच आहे. शेजारच्या रिकाम्या स्लॉटात तशीच दुसरी स्टिक बसवली की जागा दुप्पट होते, शिवाय माहितीचा मार्गही दुहेरी होतो. डीडीआर४-३२०० या प्रकारात एका मार्गातून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाते, दोन मार्गांतून ५१.२. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की यंत्र सुरू होण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. विंडोज ११ चढत नसेल तर लिनक्स आहे, आणि शाळेत टायपिंग, इंटरनेट, हिशेब शिकवायला ते उत्तम चालते.

नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत धाराशिव होता. अशा जिल्ह्यात संगणकावर खर्च होणारा प्रत्येक रुपया कामी आला पाहिजे. शाळा, ग्रामपंचायत किंवा सोसायटीने पुढची खरेदी करताना निविदेत प्रोसेसरच्या नावाबरोबर तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: रॅम किमान ८ जीबी, साठवण एसएसडी आणि रॅमसाठी एक स्लॉट मोकळा. सरकारी ॲप बनवणाऱ्यांनीही आपले काम २ जीबी रॅमच्या फोनवर, कॅमेरा उघडून आणि बंद करून, तपासल्याशिवाय लोकांच्या हाती देऊ नये.